केलबर्नचे काका, शहाद्याचा पिंगळा

वेलिंग्टनला पोचले त्या आठवड्यात, जुलैच्या थंडीत, एका सकाळी दारावर कोणीतरी नखाने खरवडतंय असा आवाज आला. सात वाजून गेले होते आणि बाहेर अजून अंधारच होता. दार उघडलं तर बाल्कनीच्या कठड्यावर डोमकावळ्याएवढा एक पोपट. हिरवा नव्हे, करडा-तपकिरी, ओल्या सालीच्या रंगाचा. मान वाकडी करून त्याने माझ्याकडे बघितलं, कर्कश ओरडला आणि उडाला. उडताना पंखांच्या आतून एकदम शेंदरी रंग झळकला.

शेजारच्या खोलीतल्या मुलीला विचारलं, हा कोण? ती म्हणाली, "काका."

मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. माओरी भाषेत त्या पोपटाचं नावच काका. आमच्या शेतावर तोरणमाळच्या बाजूने कामाला येणारे एक काका आहेत, पावरा आहेत, पप्पांपेक्षा वयाने मोठे. त्यांना घरातले सगळे नुसतं काकाच म्हणतात. घरापासून बारा हजार किलोमीटरवर, जिथे माझं नावसुद्धा कोणाला धड म्हणता येत नव्हतं, तिथे सकाळी सकाळी हा शब्द कानावर पडला आणि मला भरून आलं. त्या दिवसापासून तो पोपट माझा झाला.

मी त्याला शेंगदाणे घालायला लागले. आमच्याकडे दारात आलेल्याला रिकामं पाठवत नाहीत. दुकानातून बिनमिठाचे शेंगदाणे आणायचे आणि रोज सकाळी मूठभर कठड्यावर ठेवायचे. तो यायचा, एक दाणा पायात धरायचा, आपण चमचा धरतो तसा, आणि चोचीच्या टोकाने वरचं लाल साल काढून टाकून खायचा. साल खाली, दाणा पोटात. ते बघताना मला आजीची शेंगदाणे पाखडण्याची पद्धत आठवायची. पुढे दुसरा यायला लागला, मग तिसरा. घरी व्हिडिओ पाठवले. आई म्हणाली, बरं झालं, कोणीतरी सोबत आहे तुला.

पुण्याच्या कॉलेजातून एका सत्रासाठी संख्याशास्त्र शिकायला मी तिथे गेले होते. पक्ष्यांशी माझा तसा काहीच संबंध नव्हता. ऑक्टोबरच्या एका रविवारी आम्ही एक्स्चेंजची सात जणं झीलँडियाला गेलो. झीलँडिया म्हणजे शहराच्या पोटातच असलेलं, कुंपण घातलेलं रान. माझी खोली होती त्या केलबर्नच्या टेकडीवरून चालत अर्ध्या तासावर, कारोरीच्या बोगद्यापाशी.

आत शिरायच्या आधी सगळ्यांना पिशव्या तपासायला सांगतात. आमच्याबरोबर एक स्वयंसेविका होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण मी मनात त्यांना आजीच म्हणत होते. त्या म्हणाल्या, नुसती चेन उघडून बघू नका, तळापर्यंत हात घाला. पिशवीत बसून एखादं उंदराचं पिल्लू आत गेलं तरी नुकसान होतं. मी हात घातला आणि वर आली ती शेंगदाण्यांची पुडी.

"हे कोणासाठी?" त्यांनी विचारलं. मी आनंदाने सांगितलं, काकांसाठी.

त्या रागावल्या नाहीत. मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात समजावलं. दाण्यांत स्निग्धांश भरपूर, स्फुरद भरपूर, पण कॅल्शियम फारच कमी. मोठा पक्षी ते खाऊन जगतो. पण तेच अन्न पोटातून वर काढून तो घरट्यातल्या पिल्लांना भरवतो. पिल्लांची हाडं मऊ राहतात, वाकतात, कधी अंगाच्या वजनाने मोडतात. आसपासच्या घरांतून लोक मायेने सुकामेवा घालतात आणि इकडे झाडाच्या ढोलीत वाकड्या पायांची पिल्लं सापडतात. ती वाचत नाहीत.

मी पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. तीन महिने, रोज सकाळी, मूठभर. माझ्या कठड्यावर येणाऱ्या त्या तिघांपैकी कोणाच्या घरट्यात त्या वेळी पिल्लं होती का, हे मला कधीच कळणार नाही. दिवसभर चालताना ते मनातून गेलं नाही आणि आजही जात नाही. आत एके ठिकाणी पत्र्याचे खाऊचे डबे टांगले होते. पोपट समोरच्या दांडीवर बसला की त्याच्या वजनाने झाकण उघडतं आणि आत त्यांच्यासाठी मुद्दाम बनवलेल्या गोळ्या असतात. एका काकाने माझ्यासमोर झाकण उघडून एक गोळी पायात धरली, अगदी तशीच, चमच्यासारखी. मी बराच वेळ तिथून हलले नाही.

या रानाची गोष्ट सांगायला हवी. इथे शहराला पाणी पुरवणारी धरणं होती. खालचं धरण १८७८ सालचं, वरचं १९०८ सालचं. दरीतून भूकंपाची भेग जाते, त्यामुळे धरणांचा भरवसा राहिला नाही आणि पाणीपुरवठा थांबला. पाण्यासाठी राखलेली म्हणून ही दरी शहरात असूनही घरांपासून वाचलेली होती. जिम लिंच नावाच्या निसर्गप्रेमी गृहस्थांनी कल्पना मांडली की इथे कुंपण घालून आतलं रान माणूस यायच्या आधी होतं तसं करू या. किती दिवसांत? पाचशे वर्षांत. होय, आराखडाच पाचशे वर्षांचा आहे. ज्यांनी तो आखला त्यांना माहीत होतं की आज लावलेलं रिमूचं झाड पूर्ण वाढलेलं त्यांच्या पणतवंडांनाही दिसणार नाही.

कुंपण १९९९ मध्ये पुरं झालं. लांबी ८.६ किलोमीटर, आत २२५ हेक्टर, म्हणजे साडेपाचशे एकर. शेतकऱ्याची मुलगी असल्यामुळे मला हेक्टर लगेच एकरात समजतात. उंची दोन मीटरच्या थोडी वर, जाळी इतकी बारीक की उंदराचं पिल्लूही पार होणार नाही, जमिनीखाली उकरून येणाऱ्यासाठी जाळीचा पदर पुरलेला आणि माथ्यावर बाहेरच्या बाजूला वळलेला गुळगुळीत पत्रा, चढून आलेल्याचा पाय घसरावा म्हणून. आमच्याकडे कुंपण घालतात ते रानडुक्कर पिकात शिरू नये म्हणून. मी त्या जाळीला हात लावून बघितला, आणि शेताच्या बाजूने उभं राहायची सवय असलेली मी पहिल्यांदाच रानाच्या बाजूने उभी होते.

इतकं सगळं का, तर त्या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. कोट्यवधी वर्षं पक्ष्यांना शत्रू होते ते आकाशातले. गरुड वरून बघतो, म्हणून पक्षी काय शिकले? हलायचं नाही, जागच्या जागी गोठून राहायचं. वासाने माग काढत येणारा प्राणी त्यांनी पाहिलाच नव्हता. मग साडेसातशे वर्षांपूर्वी माणसाबरोबर उंदीर आणि कुत्रा आला, युरोपियनांबरोबर मोठे उंदीर आणि मांजरं आली, आणि १८८०च्या दशकात ससे आवरायला म्हणून मुंगसाच्या चणीचा स्टोट सोडला गेला. स्टोट समोर आला तरी पक्षी गोठून उभे राहिले. इतके दिवस ज्याने जीव वाचवला तेच करत राहिले.

वाटेत आधी दिसला केरेरू. मोठा कबुतरजातीचा पक्षी, पोट पांढरं शुभ्र, गळा हिरवा-जांभळा. तो उडाला की पंखांचा आवाज एवढा होतो की आपण मान वर करतोच. टावा, कराका यांची मोठी फळं अख्खी गिळून बी दूर नेऊन टाकणारा तोच आता उरला आहे. तो नसेल तर ती झाडं आईच्या पायाशीच उगवून मरतील. मला आमचा हरियाल आठवला, महाराष्ट्राचा राज्यपक्षी, तोही कबुतरांच्याच कुळातला. शाळेत सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाठ केला होता. पाहिला कधीच नव्हता.

टिएके मात्र मनात घर करून राहिला. काळा कुळकुळीत, गालांखाली केशरी लोंबत्या पाळ्या आणि पाठीवर तांबूस पट्टा. आजींनी त्याची माओरी गोष्ट सांगितली. सूर्याशी झुंज देऊन माउई, त्यांच्या पुराणकथांतला वीर, दमला, तहानला. त्याने टिएकेला पाणी आणायला सांगितलं आणि टिएकेने ऐकलं नाही. माउईने रागाने त्याला धरलं, आणि त्या तापलेल्या हाताचा डाग पाठीवर राहिला. मी लगेच त्यांना आमच्या खारीची गोष्ट सांगितली. सेतू बांधताना वाळूचा कण कण आणणारी खार, आणि रामाने पाठीवरून फिरवलेली बोटं. त्या चालता चालता थांबल्या. "म्हणजे तिथे मायेचा हात, इथे रागाचा," असं म्हणून त्यांनी माझा खांदा थोपटला. हे मी त्यांना माझ्या मोडक्या इंग्रजीत कसं सांगितलं कोण जाणे, पण पोचलं.

तुईचं गाणं सगळ्या दरीभर होतं. त्याच्या गळ्यापाशी पांढऱ्या पिसांचे दोन झुपके असतात. एक तर हाताच्या अंतरावर बसून गात होता. मध्येच आवाज थांबला, पण झुपके थरथरत राहिले, चोच उघडीच. आजी म्हणाल्या, तो अजून गातोय, ते सूर माणसाच्या कानाला ऐकू येत नाहीत. आम्ही सात जणं श्वास धरून ते न ऐकू येणारं गाणं बघत उभे होतो.

आणि मग तुआतारा. एका उतारावर, बिळाच्या तोंडाशी, उन्हात बसलेला. दिसायला सरड्यासारखा, पण सरडा नव्हे. त्याच्या गणातले बाकी सगळे संपले, हा एकटा उरला. सरडे आणि साप ज्या फांदीवरचे, तिच्यापासून याची फांदी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. माओरीत तुआतारा म्हणजे पाठीवर शिखरं असलेला. शिखरं खरोखर होती, मऊ वाटणारी, पांढुरकी, मानेपासून शेपटीपर्यंत. कातडी वीतभर मोठी शिवलेली असावी तशी काखेपाशी चुण्या पडलेल्या. डोळा तपकिरी, त्यात उभी बाहुली. मी गुडघ्यावर बसले. तो हलला नाही. मी दहा मिनिटं तिथे होते, तेवढ्यात त्याने एकदा पापणी मिटली.

त्याला तिसरा डोळाही असतो, कपाळाच्या वर, मधोमध. जन्मल्यावर काही महिने दिसतो, मग त्यावर खवले येतात. हे ऐकल्यावर माझ्या मनात काय आलं असेल ते मराठी माणसाला सांगायला नको. त्याचं सगळंच संथ. अंडी जमिनीत वर्षभर किंवा त्याहून जास्त राहतात. त्यातून नर निघणार की मादी हे मातीच्या उबेवर ठरतं, ऊब जास्त झाली की नर. हवा तापत चाललेल्या जगात याचा अर्थ काय, हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला कोणी समजावून द्यायला नको. इन्व्हरकार्गिलच्या संग्रहालयातला हेन्री नावाचा तुआतारा २००९ मध्ये, वयाच्या १११व्या वर्षी बाप झाला. त्याच वर्षी या दरीतही एक पिल्लू सापडलं. ताकापोरेवा बेटावरून इथे आणलेल्या तुआतारांचं ते पिल्लू. बेटं सोडून मुख्य भूमीवरच्या रानात असं पिल्लू दिसल्याला तोवर सुमारे दोनशे वर्षं लोटली होती.

दुपारी आम्ही टाकाहेपाशी पोचलो. आपली जांभळी पाणकोंबडी असते ना, तिचाच हा थोराड भाऊबंद. निळा-हिरवा, चोच लालभडक आणि जाड, उडता न येणारा. गवताचा झुबका उपटायचा, पायात धरायचा, खालचा कोवळा पांढरा भाग तेवढा खायचा आणि वरचं पातं टाकून द्यायचं. ती जोडी पिल्लं वाढवायचं वय उलटलेली होती. इथे त्यांना निवांत ठेवलं होतं, माणसांना बघता यावं म्हणून.

१८९८ नंतर टाकाहे कोणाला दिसलाच नव्हता. संपला असं सगळे धरून चालले होते. जेफ्री ऑर्बेल नावाच्या डॉक्टरांना मात्र ते पटत नव्हतं. २० नोव्हेंबर १९४८ रोजी, मर्चिसन डोंगरांत, त्यांना तो जिवंत सापडला. आज पाचशेच्या आसपास आहेत. हे सांगताना आजींचा आवाज कापरा झाला. त्या वेळी त्या जन्मल्याही नव्हत्या किंवा तान्ह्या असतील, पण घरातलं माणूस हरवून परत मिळावं तसं त्या सांगत होत्या.

मग त्यांनी मला विचारलं, "तू भारतात कुठली?"

मी नेहमीसारखं "मुंबईजवळची" म्हणून टाकलं. परदेशात हेच सांगायची सवय लागते. शहादा कोणाला माहीत असणार? पुण्यात कॉलेजातल्या मुलींनाही "नंदुरबार म्हणजे गुजरातेत ना?" असा प्रश्न पडतो.

"मुंबईच्या कुठल्या बाजूला?"

"उत्तरेला. बरंच उत्तरेला. सातपुडा नावाचे डोंगर आहेत, त्यांच्या पायथ्याशी."

त्या वळल्या, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "शाहाडा?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वेलिंग्टनच्या एका रानात, पंचाहत्तरीकडे झुकलेल्या बाईंच्या तोंडून माझ्या गावाचं नाव. ड चुकला होता, पण नाव तेच.

त्या आयुष्यभर पक्षी बघत आलेल्या. जगभरच्या पक्षीवेड्यांना शहादा माहीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडे वन पिंगळा नावाचा पिंगळा आहे. १८८४ नंतर तो दिसलाच नाही. एकशे तेरा वर्षं. शेवटचे पक्षी मिळाले होते खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याला. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या गृहस्थाने संग्रहालयातला त्यांच्यापैकी एक पक्षी चोरला, पुन्हा भरला आणि १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपणच मारला असं लेबल लावलं. त्यामुळे शोधणाऱ्यांना चुकीचं ठिकाण आणि चुकीचं साल मिळालं. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी पेंढा भरलेले जुने पक्षी तपासून ही लबाडी ओळखली, ती नोंद बाजूला सारली आणि खऱ्या नोंदींचा माग काढत त्या सोबत्यांसह भारतात आल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळच्या जंगलात, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर, दिवसाढवळ्या, तो बसलेला दिसला.

तेव्हा नंदुरबार जिल्हाही व्हायचा होता आणि मी जन्मायला बरीच वर्षं होती. पण बारावीपर्यंत मी त्याच तालुक्यात शिकले. तोरणमाळला सहल गेली, यशवंत तलावापाशी डबे खाल्ले. कोणी कधी सांगितलं नाही. आमच्या घरी पिंगळ्याविषयी एवढंच माहीत की संध्याकाळी तो बोलला की आजी देवापाशी दिवा सारखा करते आणि म्हणते, जा बाबा, दुसरीकडे जा.

"तू पाहिलास तो?" आजींनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत जी आशा होती तिच्यासमोर नाही म्हणणं मला जड गेलं. आम्ही टाकाहेसमोरच्या बाकावर बसलो. त्यांनी फोनवर फोटो काढून दाखवला. गुबगुबीत, डोकं मोठं, कपाळ जवळजवळ कोरं, छातीवर दाट तपकिरी, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले, पंजे दणकट. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर, याच्या डोक्यावर अगदी पुसट. सागाच्या रानात राहतो, सरडे, उंदीर खातो. मी फोटो मोठा करून करून बघत होते. माझ्या गावचा पक्षी मला वेलिंग्टनची बाई दाखवत होती, आणि मला तिचे उपकार वाटत होते.

संध्याकाळची फेरीही आम्ही घेतली. हातात लाल उजेडाचे टॉर्च. अंधार पडताच दरीच्या वरच्या अंगाला रुरू बोलला, तिथला घुबडकुळीतला. दोन सुरांची हाक, थांबून थांबून. माओरी लोक त्याला राखणदार मानतात, आणि त्याची एक किंचाळी मात्र वाईट बातमीची समजतात. म्हणजे आमच्या आजीसारखंच. पुढे किवीही दिसला, लहान ठिपकेदार जातीचा, पानांत चोच खुपसून फुसफुसत चाललेला, दोन-चार सेकंद. सगळे ज्याच्यासाठी आले होते तो हाच. माझं लक्ष मात्र रुरूकडे होतं.

खोलीवर आले तेव्हा दहा वाजले होते. घरी दुपारचे अडीच. पप्पांना फोन लावला, ते शेतावरच होते, पपईची तोडणी चाललेली. सगळं सांगितलं. इंटरनेटवर वन पिंगळ्याचा आवाज मिळाला होता, तो ऐकवला.

"पिंगळाच वाटतो," पप्पा म्हणाले. "पण आपल्या निंबावरचा असा नाही बोलत."

"तुम्ही काकांना ऐकवाल?"

"ते आता खाली गाडी भरताहेत. पाठवून ठेव, ऐकवतो."

सकाळी उठले तेव्हा कठड्यावर काका बसला होता. मी दार उघडलं नाही. काचेतून बघत राहिले. त्याने कठडा चोचीने दोनदा ठोकला, वाट बघितली आणि उडून गेला.

फोनवर पप्पांचा आवाजी निरोप आलेला होता. आधी ट्रॅक्टरचा घरघराट, मग तो बंद झाला, मग माझ्याच पाठवलेल्या पिंगळ्याची हाक, दोनदा. थोडा वेळ काही नाही. मग काकांचा आवाज, त्यांच्या नेहमीच्या घाई नसलेल्या बोलण्यात.

"हा रातचा नाही. हा दिवसा बोलतो. वर सागात बसतो, उन्हात, शेपूट हालवत."

पप्पांनी विचारलं, अजून आहे?

"आहे ना. पोरीला सांगा, आली की दाखवतो. पण पहाटे निघावं लागेल."

मी पप्पांना परतीच्या तिकिटाची तारीख पाठवली.